ओलं फडकं

१९६७ सालच्या जानेवारीत शिरवणे गावात आमच्या घरमालकांनी आपल्या घराच्या पूर्वेकडच्या सगळ्या जाळ्या चिखल आणि भाताचं तूस कालवून आतून बुजवल्या. त्या जाळ्या त्यांनीच, भिंती फोडून, पावणेदोन वर्षांपूर्वी बसवल्या होत्या. बुजवताना त्यांनी कुणाची मदत घेतली नाही. आळीतले लोक ओट्यावर उभे राहून बघत होते. त्यांच्यापैकी एकानं विचारलं, "भिताडानं काय गुना केला, दादा? आदी फोडला, आता लिपता." मालक चिखल थापत राहिले.

नवी मुंबई हे नाव तेव्हा नव्हतं. पश्चिमेला खाडी आणि मिठागरं, पूर्वेला डोंगर, मधल्या भातखाचरांतून ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या कडेनं एकामागून एक उभे राहणारे कारखाने. मी ठाण्याच्या एका साप्ताहिकासाठी या पट्ट्यातल्या बातम्या पाठवत असे. मालकांच्या पडवीला लागून असलेली खोली मी भाड्यानं घेतली होती.

खोली देताना त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. बिडी ओढतोस का, उदबत्ती लावतोस का, दिवा कसला लावतोस, एवढंच विचारलं. चिमणी चालणार नाही, कंदील चालेल, वात रोज कापायची. स्टो ओट्यावर पेटवायचा, घरात नाही. मग म्हणाले, "खोक." मी खोकलो. मडकं विकत घेताना वाजवून बघतात तसा कान देऊन त्यांनी तो आवाज ऐकला. "खाली हाय," म्हणाले, म्हणजे छाती मोकळी आहे. "ऱ्हा."

उंचीनं बेताचे, छातीचा पिंजरा फुगलेला, बोलताना दोन शब्दांच्या मध्ये थांबायचे. तरुणपणी ते मुंबईत एका कापडगिरणीत होते, कापूस विंचरतात त्या कार्डिंग खात्यात. तिथं हवेत कापसाची भुकटी इतकी उडायची की समोरच्या माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसत. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळून यायची, ती दुपारनंतर सुटायची. त्या खात्यातल्या सगळ्यांचंच हे असायचं. गिरणी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी सोमवारी दुपारपर्यंत मालक कुणाशी बोलत नसत. छाती आवळते म्हणून, की सवय म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सोमवारी सकाळी काही विचारलं तर ते फक्त बोट वर करत. त्याचा अर्थ, दुपारी ये.

गिरणी सोडून ते गावी आले तेव्हा बायको खोकत होती. ती खोकत होती हे त्यांना आधीही माहीत होतं, पण वर्षातून दोनदा गावी येणाऱ्या माणसाला ते नुसतं कानावर पडतं. आता ते रोज तो खोकला ऐकू लागले, आणि एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की हा आपलाच खोकला आहे. तीच लय, शेवटी तीच शिट्टी.

"माजा खोकला गिरनीचा," ते मला म्हणाले होते. "तिचा कुटला? ती तं गिरनीच्या दारात पन कदी गेली नाय."

ती चुलीपाशी होती. खाडीतल्या तिवराची ओली लाकडं, वरती कौलं, भिंतीला एकही भोक नाही. अशा घरात ती लहानपणापासून स्वयंपाक करत आलेली होती. मी राहायला गेलो त्याच्या आधीच ती वारली होती. शेवटची दोन वर्षं तिला धड दिसतही नव्हतं. चुलीच्या वरची कौलं मालकांनी तिच्यासाठी काढली, ती ती गेल्यानंतर. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्यांनी स्वतः सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी फडकी टांगायला सुरुवात केली. जुन्या धोतराचे हातभर तुकडे पाण्यात बुडवून पिळायचे आणि घराच्या प्रत्येक खोलीत, चुलीसमोर, दारात, माझ्या खाटेच्या वरती, दोरीला लटकवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक फडकं उतरवून दारात नेऊन बघायचं. काजळी जितकी, तितकी त्यांची मुद्रा वाईट. माझ्या खोलीतल्या फडक्यावर एकदा काळा ठिपका दिसला तेव्हा त्यांनी ते माझ्या नाकासमोर धरलं. "हे तुज्या छातीत जायाचा व्हता. फडक्यानं खाल्ला." मी कंदिलाची वात कापायला विसरलो होतो.

सकाळी पूर्वेकडून उन्हाची तिरीप घरात यायची तेव्हा ते तिच्यासमोर पाटावर बसत. तिरिपेत धुळीचे कण तरंगत असत. त्यांच्याकडे ते रागानं बघत. त्या वेळी घरात कुणी झाडू उचलायचा नाही, घोंगडी झटकायची नाही, जोरात चालायचंही नाही. त्यांचा मुलगा हसायचा आणि म्हणायचा की ऊन गेलं की सगळं साफ होतं. "उन्हात दिसतं येवराच फरक," ते म्हणायचे. "ऊन गेला म्हंजे ते गेला नाय. मंग ते दिसल्याबिगर जातं."

गावात त्यांना वेडा म्हणत, पण दुरून. त्यांनी शेतात राब भाजणं बंद केलं होतं. पावसाच्या आधी रोपांच्या वाफ्यावर शेण, पाला, कवळ पसरून जाळतात, त्या दिवसांत सगळं गाव धुरात असतं. मालकांच्या वाफ्यातून धूर निघायचा नाही आणि रोपं पिवळी, लहान यायची. शेजारी म्हणायचे की दादांचं भातही खोकतंय. गणपतीत आरती झाली की धुपाटणं अंगणात न्यायचं, हा त्यांच्या घरचा नियम होता. भटजींनी एकदा विचारलं, देवाला धूप वर्ज्य कसा? मालक म्हणाले, "देवाला येवरी मोटी सोंड हाय. आपल्याला येवरंसं नाक, ते चोंदतं. त्याचा काय व्हत असंल?" भटजींनी धुपाटणं अंगणात नेलं.

फडकी रोज धुवायची ती सून. तिचं माहेर दोन गावं सोडून होतं, बाप श्रीमंत. ती तोंडाची तिखट, पण सासऱ्यासमोर नाही. विहिरीवर मात्र बोलायची. "आमच्या घरात मान्सं तीन, फडकी तेरा. लगीन कोनाशी लावला तेच कलंना." विहिरीचं पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नसे. धोतराचे तुकडे धुऊन धुऊन राखाडी झाले होते.

तिचा बाप, म्हणजे मालकांचे व्याही, खडीचा कंत्राटदार होता. कारखान्यांच्या पायांना आणि रस्त्यांना खडी लागत होती. गोड बोलणारा, पांढऱ्या टोपीचा, प्रत्येकाच्या बारशा-मयताला हजर राहणारा माणूस. गावाच्या मागे डोंगराच्या उतारावर मालकांचा वरकस जमिनीचा एक तुकडा होता. तिथं गवताशिवाय काही होत नसे. व्याह्यांना तो दगडासाठी हवा होता. भाड्याचं बोलणं निघालं तेव्हा मालकांनी पैसे नको म्हणून सांगितलं. आळीतल्या प्रत्येक घराच्या पूर्वेच्या भिंतीत सिमेंटच्या जाळ्या बसवून द्यायच्या, ही त्यांची अट. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं आणि परवाना व्याह्यांकडे होता. व्याही हसत हसत कबूल झाले. त्यांना हा सौदा स्वस्तात पडला होता.

दुसरी अट धुळीची होती, ती गावात येता कामा नये. मालक मूर्ख नव्हते. वैशाखात खडी फोडायचं मशीन बसलं तेव्हा ते फडक्यांची जुडी खांद्यावर टाकून उतारावर गेले. मशीन आणि गाव यांच्यामध्ये काठ्या रोवून त्यांनी ओली फडकी टांगली आणि संध्याकाळपर्यंत तिथं बसून राहिले. खाडीवरचा वारा जोरात वाहत होता. धुळीचा लोट डोंगरावरून पलीकडे जात होता.

"वारा कुटं जातो ते बगा, याही," व्याही म्हणाले. "डोंगराकडं. गावाचा काय संबंद?"

"थंडीत वारा उलटतो," मालक म्हणाले. जन्म मिठागरांच्या काठी गेलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"थंडीला मशीन कोन ठेवतंय? दिवालीला उरकतो. शब्द."

फडकी स्वच्छ निघाली. मालकांनी ती गावभर दाखवली.

जाळ्या बसल्या. आळीत त्याचं स्वागत झालं असं म्हणता येणार नाही. गावातली म्हातारी सुईण, जिच्या हातून आळीतली निम्मी माणसं जन्मली होती, ती म्हणाली की धूर दिसला नाही तर लोक विचारतील, कोण मेलं. तिचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. धूर कोंडायचा तेव्हा डास कमी असत, छपराच्या बांबूंना कीड लागत नसे, चुलीवर टांगलेलं बियाणं टिकत असे. त्या पावसाळ्यात दोन घरांच्या वाशांना भुंगा लागला. लोक मालकांच्या दारात येऊन बोलून गेले. मालक प्रत्येकाला एकच उत्तर देत. वासा बदलता येतो.

दिवाळी आली. मशीन थांबलं नाही. रस्त्याच्या पलीकडे नवा कारखाना येणार होता आणि खडीची मागणी वाढली होती. व्याह्यांनी मालकांच्या मुलाला, म्हणजे आपल्या जावयाला, मशीनवर मुकादम नेमलं. आळीतल्या कितीतरी बाया दगड फोडायला जाऊ लागल्या. मालकांनी उताराकडे बघून फडकी बदलली, जाळ्यांवर दुहेरी टांगली, आणि रोज सकाळी ती तपासली. काळं काही नव्हतं. ती थंडी तशीच गेली.

पुढच्या वर्षी, १९६६ च्या दिवाळीनंतर, सुनेला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असा रिवाज. पण मालक आडवे आले. माहेरी बाळंतिणीची खोली कशी असते हे त्यांना माहीत होतं. दारं-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपांची, लसणीच्या सालींची धुरी, आणि त्या धुरात आई आणि मूल. वारं लागू नये म्हणून. ते म्हणाले, सून इथंच बाळंत होईल. व्याही रागावले, मग नेहमीप्रमाणे हसले. सुईण शेगडी घेऊन आली तेव्हा मालक बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते.

"धुरी नाय?" तिनं विचारलं.

"नाय."

"पोर धुरीबिगर कवा वाडला का? तुला कोनी दिली? मीच दिली. मेलास का?"

"खोकतोय," मालक म्हणाले.

म्हातारीनं शेगडी उंबऱ्याबाहेर ठेवली. त्या खोलीत धूर झाला नाही. आळीतलं धुराशिवाय वाढलेलं ते पहिलं मूल असावं. मालकांना हसताना मी पाहिलं ते त्या दिवसांत. रोज सकाळी तिरीप आली की ते नातीला मांडीवर घेऊन जाळीखाली बसत, डोंगरावरून येणारा थंड वारा तिच्या तोंडावर येईल असे. तिचं तोंड ते धोतराच्या टोकानं पुसत. "घे," ते तिला म्हणायचे. "तुज्या आजीला नाय भेटला. तू घे."

डोंगराचा दगड काळा आहे. त्याची भुकटी मात्र काळी नसते. राखेच्या रंगाची, फिकी असते, आणि धुऊन धुऊन राखाडी झालेल्या ओल्या धोतरावर ती दिसत नाही. मालक आयुष्यभर काजळी शोधत आले होते. सकाळी फडकं उतरवायचं, दारात धरायचं, काळं नाही, म्हणजे स्वच्छ. मग ते सुनेकडे धुवायला द्यायचं.

ते आधी सुनेच्या हातांना कळलं. फडकी जड लागू लागली. वाळली की पापडासारखी कडक होत. धुवायला घेतली की पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होई. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की मशीनवर आमचं तर तोंड असंच होतं, त्याला काय झालं. तिनं सासऱ्याला सांगितलं. त्यांनी फडकं उजेडात धरलं आणि विचारलं, "कालं हाय का?" ती नाही म्हणाली. "मंग?"

मुलगी खोकू लागली ती मार्गशीर्षात. आधी सकाळी, मग दिवसभर. सुईण येऊन म्हणाली की धुरी दिली नाही, वारं लागलं. मालकांचं म्हणणं असं की वारा चांगला आहे, तिला तो पुरेसा मिळत नाही. ते तिला दुपारीही जाळीखाली घेऊन बसू लागले. ठाण्याला डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, घरात धूर असतो का विचारलं. मालक ताठ बसून म्हणाले की आमच्या घरात धूर नसतो. डॉक्टरांनी औषध दिलं.

औषधानं उतार पडला नाही. त्यानंतरच्या एका सोमवारी सुनेनं जे केलं ते मी ओट्यावरून पाहिलं. सोमवार तिनं निवडला होता की तसा आला होता, मला माहीत नाही. जाळीवरचं फडकं तिनं त्यांच्याआधी उतरवलं, पितळेच्या वाडग्यात पिळलं, पुन्हा पाणी घालून पिळलं, आणि वाडगा चुलीच्या कोपऱ्यात ठेवून दिला. जेवायच्या वेळेपर्यंत गाळ खाली बसला. वरचं पाणी तिनं हळूच ओतून टाकलं. मालक जेवायला बसले तेव्हा भाताच्या ताटाशेजारी, जिथं कालवणाची वाटी ठेवतात तिथं, तिनं तो वाडगा ठेवला.

"कालं नाय, मामा," ती म्हणाली. "बगा."

मालकांनी वाडग्यात बोट घातलं. अंगठा आणि तर्जनीमध्ये गाळ चोळला. तो करकरला असावा; मला ओट्यावर ऐकू आलं नाही, पण त्यांची बोटं मधेच थांबली ती दिसली. त्यांनी बोट वर केलं नाही. भात तसाच ठेवून ते जाळीकडे बघत बसले. पाळण्यात मुलगी खोकत होती. दुपार टळल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिसाचं?"

"आजच्या सकालचं."

ते उठून उतारावर गेले. मीही मागे गेलो. मशीनचा आवाज इतका होता की माणसं ओरडूनच बोलत. मुलगा मशीनपाशी उभा होता. धूळ लागू नये म्हणून त्यानं तोंडाला फडकं बांधलं होतं, बापाच्या धोतराचंच. व्याही खुर्ची टाकून सावलीत बसले होते. त्यांनी उठून जागा दिली. मालक बसले नाहीत.

"दिवालीला बंद करनार व्हता," ते म्हणाले. "एक दिवाली गेली, दोन गेल्या."

"दिवाली काय, दर वरसाला येतं," व्याही म्हणाले. आजूबाजूचे हसले. मग त्यांनी हिशेबानं समजावलं की मशीन बंद करायला ते आजही तयार आहेत. मग मुकादम उद्यापासून घरी बसेल. आळीतल्या बाया घरी बसतील. त्यांना मालकांनी जाऊन सांगावं. आणि धूळ घरात गेली कुठून? पूर्वीच्या भिंतीतून ती गेली असती का? "जाल्या मी मागितल्या नव्हत्या, याही. तुमी मागितल्या."

दगड फोडणाऱ्या बायांनी हात थांबवले होते. त्यातल्या दोन आमच्या आळीतल्या होत्या.

"पोर तुजी पन नात हाय," मालक म्हणाले. व्याह्याला त्यांनी 'तू' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"म्हनून तं सांगतो. तिला माज्या घरी धाडा. तितं धूल येत नाय."

"तितं धूर हाय."

"धुरात आमच्या सात पिड्या झाल्या."

"झाल्या," मालक म्हणाले. "म्हातारा किती जनांना झालेला बगलास?"

मुलगा तोंडावरचं फडकं न काढता मशीनकडे वळला. मालक उतरून आले. त्या आठवड्यात मी साप्ताहिकाकडे चार ओळी पाठवल्या. त्या छापल्या गेल्या नाहीत. त्या अंकात नव्या कारखान्याच्या पायाभरणीची बातमी होती, तीही मीच पाठवलेली.

सुनेला न्यायला तिच्या बापाची खडीची लॉरी आली. तिनं मुलीला दुपट्यात गुंडाळून ड्रायव्हरशेजारी घेतलं. चढण्यापूर्वी ती सासऱ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. घरात धूर नाही आणि धूळ नाही असं करा, मग पोरीला घेऊन येते, एवढंच म्हणाली. मालकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात तुसाचा चिखल कालवायला घेतला.

जाळ्या बुजल्यावर धूळ थांबली, पण धुराला वाट राहिली नाही. चुलीवरच्या कौलांची उघडी जागाही त्यांनी झाकली होती, कारण धूळ तिथूनही येत होती. म्हणून त्यांनी घरातली चूल मोडली आणि अंगणात तीन दगड मांडले. उघड्यावर रांधायचे, उघड्यावर जेवायचे. त्यांच्या भातात कचकच लागे, ती मी त्यांच्या पंगतीला जेवून अनुभवली आहे. मुलगा काही दिवस तिथं जेवला, मग मशीनजवळच्या खोपटात राहायला गेला. रिकामं घर मालक रोज शेणानं सारवत. ओली फडकी आत टांगत, काढत, आता स्वतःच धूत, आणि वाडग्यात पिळून गाळ बघत. वाडगा स्वच्छ निघू लागला. दिवसा आत जायला कंदील लागायचा, पण कंदील आत न्यायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. त्यामुळे ते अंधारात चाचपत फडकी टांगत.

आळीतल्या लोकांनी त्याच महिन्यात आपापल्या जाळ्यांत गोणपाटं कोंबली. मालकांचं बरोबर होतं असं कुणी म्हणालं नाही. त्यांच्या चुली घरातच राहिल्या. काही दिवसांनी छपरांतून पूर्वीसारखा धूर निघू लागला आणि सुईण म्हणाली की आता गावासारखं गाव वाटतं.

सून आली ती आषाढात, पावसाची उघडीप बघून. मुलगी कडेवर होती. माहेरी तिचा खोकला कमी झाला होता का, हे विचारल्यावर तिनं कधी कमी, कधी जास्त, दिवसावर आहे असं सांगितलं. मालकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. मी पडवीत होतो. आतून ओल्या शेणाचा, ओल्या कापडाचा आणि कोंडलेल्या जागेचा वास आला. कुठंही काजळी नव्हती. कुठंही धूळ नव्हती. अंधारात फडकी पांढुरकी दिसत होती, ओळीनं, हलत नव्हती.

सून मधोमध जाऊन उभी राहिली. मुलगी आधी गप्प होती, मग किरकिरू लागली. सुनेनं वर बघितलं, बुजवलेल्या जाळ्यांकडे बघितलं. मालक उंबऱ्यावर उभे होते.

"मामा," ती म्हणाली, "हितं वारा कुटं हाय?"

ते काही बोलले नाहीत. तो सोमवार नव्हता.

ती बाहेर आली, त्यांच्या पाया पडली, मुलीलाही पाया पाडलं. त्यांनी मुलीला घेतलं, तिच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं. "खाली हाय," ते म्हणाले. ते खरं होतं की नाही, मला कळण्याचं साधन नव्हतं. सून संध्याकाळच्या आत माहेरी परतली.

त्यानंतर मी ठाण्याला राहायला गेलो. मालक महिन्यातून एकदा नातीला बघायला व्याह्यांच्या गावी चालत जात, असं मुलाकडून कळत असे. ते घरात शिरत नसत. अंगणात उभे राहत आणि मुलीला बाहेर आणायला सांगत. घरात असले की व्याही त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर पाठवत. ते खुर्चीवर बसत नसत.

१९६९ सालच्या मार्गशीर्षात मालक वारले. निरोप मिळाला तेव्हा मी शिरवण्याला गेलो. घराच्या जाळ्या बुजलेल्याच होत्या. अंगणात तीन दगड होते. आत फडकी वाळून कडक झाली होती. सून आली होती. मुलीला तिनं माहेरीच ठेवलं होतं. सरणासाठी गावकरी तिवराची लाकडं काढत होते. सुनेनं ती परत पाठवली आणि आंब्याची सुकी लाकडं आणायला लावली, त्यांचा धूर कमी होतो म्हणून. व्याही खांदा द्यायला आले होते. त्या दिवशी त्यांनी मशीन बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुरू झालं.